उजव्या कंट्रोलची कळ

महाडहून खेडला निघालेली एसटी पोलादपूरला अचानक आंबेनळी घाटाकडे वळली तर? महाबळेश्वर छानच आहे हो, पण आपल्याला खेड गाठायचं होतं ना!

नव्या लॅपटॉपवर बोटांचं असंच होतं. डाव्या हातात चहाचा ग्लास, उजव्या हाताने कंट्रोल आणि बाण दाबत प्रोग्रॅममध्ये शब्द-शब्द पुढे जायचं, ही माझी जुनी सवय. आता अनेक विंडोज लॅपटॉपवर उजव्या कंट्रोलच्या जागी कोपायलटची कळ बसली आहे. १९९४ मध्ये विंडोजची कळ आली, तिच्यानंतर जवळपास ३० वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, ही जाहीर झाली.

बदलून घेऊ म्हणाल, तर ती एक कळ नाहीच! दाबली की विंडोज, शिफ्ट आणि एफ-२३ असे तीन संकेत एकदम जातात. पॉवरटॉईजसारखं वेगळं सॉफ्टवेअर टाकून तिघांना एकत्र पकडायचं, तेव्हा कुठे कंट्रोल परत मिळतो.

ज्याला ती कळ हवी त्याने खुशाल वापरावी. पण घरच्यांनी कर्ज काढून मशीन घ्यायचं आणि कुठली कळ काय करणार हे तिसऱ्यानेच ठरवायचं, हे मला पटत नाही. उद्या आपणही यंत्रं बनवणार आहोत. तेव्हा वापरणाऱ्याला एकदा तरी विचारू या.