आधी पदार्थ पाहा, मग भांडे

हिवाळा लागला की इंदूरच्या भाजीबाजारात मटारचे ढीग दिसू लागतात, भाव उतरतो आणि घरोघरी शेंगा सोलायची बैठक बसते. याच दिवसांत शाळेच्या आनंदमेळाव्याची तयारीही सुरू होते. यंदा काही पालकांनी सुचवले आहे की, घरी केलेले बरणीबंद पदार्थ मेळाव्यात विक्रीस ठेवावेत. मुरांबा, लोणचे, टोमॅटोचा रस यांच्या जोडीला मटार, मक्याचे दाणे आणि तयार भाजीही. सूचना उत्साहाची आहे आणि तिच्या पाठोपाठ एक प्रश्नही आमच्याकडे वारंवार येतो आहे. बरण्या हवाबंद करायला भांडे कोणते घ्यावे? घरचा कुकर चालेल, की अमेरिकेत मिळतो तसा खास ‘कॅनर’ नातेवाइकांकडून मागवावा?

आमचे मत असे की, हा प्रश्न उलट्या टोकाने विचारला जातो आहे. आधी पदार्थ आंबट आहे की नाही ते पाहावे; भांडे त्यावरून ठरते. पदार्थ आंबट असेल तर घरातले खोल पातेले पुरते. आंबट नसेल तर घरचा कुकरही पुरत नाही आणि असे पदार्थ आपल्या मेळाव्यात नकोतच.

विद्यार्थिमित्रांसाठी थोडा इतिहास. काचेच्या बाटलीत अन्न भरून, बूच घट्ट लावून, ती उकळत्या पाण्यात ठेवायची रीत फ्रान्सच्या निकोला ॲपेर या मिठाईवाल्याने शोधली. १८१० साली तेथील सरकारने त्याला १२,००० फ्रँकचे बक्षीस दिले. अन्न टिकते हे त्याने दाखवले; का टिकते हे मात्र त्यालाही माहीत नव्हते. त्याचे उत्तर पाश्चरच्या संशोधनातून पुढे सुमारे अर्ध्या शतकाने मिळाले.

अन्न बिघडवणारे बहुतेक जंतू उकळत्या पाण्यात मरतात. पण मातीत राहणाऱ्या ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ या जंतूचे बीजाणू १०० अंश सेल्सिअसलाही तग धरतात. बंद बरणीत हवा नाही, ओलावा आहे आणि आंबटपणा नाही, अशी जागा मिळाली की ते रुजतात आणि एक जबरदस्त विष तयार करतात. त्या विषाला वास नसतो, चव नसते, रंगही नसतो. माणसाला एकाची दोन दिसू लागतात, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणे अडखळते आणि अखेर श्वास घेणारे स्नायू लुळे पडतात. आंबट पदार्थात, म्हणजे ज्याचा पीएच ४.६ किंवा त्याहून कमी आहे अशा पदार्थात, हे बीजाणू रुजत नाहीत. कैरी, लिंबू, आवळा, संत्रे हे अलीकडच्या बाजूचे. मटार, मका, बटाटा, फरसबी, गाजर, डाळ, मांस हे सगळे पलीकडच्या बाजूचे. टोमॅटो अगदी कुंपणावर बसलेला. म्हणून अर्ध्या लिटरच्या बरणीला पाव चमचा सायट्रिक ॲसिड, म्हणजे इथल्या किराणा दुकानात ज्याला ‘नींबू का फूल’ म्हणतात ते, घालावेच.

चूक काय करू शकते याचे एक उदाहरण पुरे. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात एका चर्चमध्ये सहभोजन होते. कोणीतरी प्रेमाने बटाट्याची कोशिंबीर करून आणली होती. त्यातले बटाटे घरीच बरणीबंद केलेले होते, पण दाबाच्या कॅनरमध्ये नव्हे, तर साध्या उकळत्या पाण्यात. २९ जण आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला. तेही आपल्यासारखेच स्नेहाचे जेवण होते, म्हणून ही हकिकत येथे सांगितली.

आम्हीही शहाणे नव्हतो. दोन वर्षांपूर्वी स्वस्त मिळाले म्हणून दहा किलो मटार आणले, बरण्यांत भरले, कुकरला चार शिट्ट्या दिल्या आणि फडताळात रांग लावून ठेवली. चैत्रात पाहिले तर एका बरणीचे झाकण फुगलेले. ती टाकली आणि उरलेल्या मजेत खाल्ल्या. फुगलेली बरणी निदान सांगून गेली. बाकीच्या निर्दोष होत्या हे आम्हाला कोणी सांगितले होते? हा विचार पुढे कधीतरी आला आणि अंगावर काटा आला.

कोणी म्हणेल, कुकरमध्येही दाब असतोच ना? असतो. पण बरणीच्या मध्यावरच्या दाण्यापर्यंत ती उष्णता ठरावीक वेळ पोहोचली पाहिजे. वेळेचे जे तपासलेले तक्ते आहेत ते मोठ्या कॅनरसाठी आहेत, ज्यात एक लिटरच्या निदान चार बरण्या उभ्या राहतात. त्यात आधी दहा मिनिटे वाफ मोकळी सोडून हवा काढतात, मग दाब धरतात. आपला लहान कुकर लवकर तापतो, लवकर निवतो आणि शिट्टीगणिक त्यातला दाब वरखाली होतो. शिट्ट्या मोजून स्वयंपाक होतो, बीजाणू मरत नाहीत. शिवाय इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे. इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. त्यामुळे वजनाच्या कॅनरमध्ये जिथे १० पौंड दाब सांगितला आहे तिथे इथे १५ पौंड लागतो आणि मटारला त्या दाबावर ४० मिनिटे. एवढे केल्यावर मटार हिरवे राहत नाहीत, त्यांचे पिठले होते! मग एवढे महाग आणि अवजड भांडे मागवायचे कशाला? दीड-दोन मिनिटे उकळत्या पाण्यातून काढून, गार करून मटार फ्रीझरमध्ये ठेवले तर रंगही राहतो आणि जीवही.

‘आमच्या आजीने जन्मभर बरण्या भरल्या, कोणाला काही झाले नाही,’ हेही ऐकू येते. खरे आहे. पण आजीच्या बरण्यांत काय होते ते आठवा. कैरीचे लोणचे, लिंबाचे लोणचे, साखरेच्या पाकातला मुरांबा; आणि डब्यांत उन्हात कडक वाळवलेले सांडगे, कुरडया. आंबटपणा, मीठ, साखर आणि ऊन हे तिचे चार पहारेकरी होते. तिने मटारची बरणी कधी भरली नाही. आजीचा दाखला द्यायचा तर पुरता द्यावा.

तेव्हा पालकांना आमची विनंती अशी. आंबट पदार्थांसाठी खोल पातेले घ्या. तळाशी जाळी किंवा जाड फडके ठेवा. बरण्यांच्या झाकणांवर निदान दोन बोटे पाणी राहू द्या. झाकणे नवी वापरा. समुद्रसपाटीच्या तक्त्यात जॅमला पाच मिनिटे लिहिली असतील तर इथे दहा धरा. लसूण नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवू नका. फुगलेली किंवा गळकी बरणी चाखून पाहू नका. लहान मुले व जनावरे यांच्यापासून दूर, सरळ टाकून द्या.

विश्वस्त मंडळाने मेळाव्याच्या नियमांत एवढे लिहावे: बरणीबंद पदार्थ फक्त आंबट किंवा मुरवलेले असतील, प्रत्येक बरणीवर करणाऱ्याचे नाव आणि तारीख असेल, आणि विक्रीपूर्वी प्रत्येक घाण्यातली एक बरणी शाळेच्या प्रयोगशाळेत पीएच कागदाने तपासली जाईल. कागद अचूक आकडा देत नाही, म्हणून मर्यादा ४.६ ऐवजी ४ ठेवावी. हे काम नववी-दहावीच्या मुलामुलींना द्यावे. आम्ल आणि आम्लारीचा धडा त्यांना पाठ असतोच. तो आईच्या लोणच्यावर तपासून पाहायची संधी त्यांनाही मिळेल. मटारवाल्यांनी नाराज होऊ नये. त्यांच्यासाठी गरमागरम करंज्यांचा स्टॉल आम्ही आधीच राखून ठेवला आहे.