दोष एका ओळीचा नव्हता

१९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात ‘थेरॅक-२५’ या किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरणोत्सर्ग दिला. काहींचा त्यातच मृत्यू झाला.

आधीच्या मॉडेलमध्ये जादा मात्रा रोखणारी स्वतंत्र यांत्रिक व्यवस्था होती. नव्यात ती काढून सारी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली गेली. टेक्सासमध्ये तंत्रज्ञाने चुकून टाइप झालेला उपचारप्रकार झटपट दुरुस्त केला. पडद्यावर दुरुस्ती दिसली, पण यंत्राची आतली मांडणी अर्धवटच बदलली. इशारा उमटला तो फक्त ‘मालफंक्शन ५४’. रुग्ण भाजल्याचे सांगत होते, तर जादा मात्रा जाणे अशक्य असल्याचे उत्पादक सांगत होते.

नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक चूक दुरुस्त केल्याने यंत्र सुरक्षित होत नाही, हा त्याचा धडा.

आज सलाइनच्या पंपापासून व्हेंटिलेटरपर्यंत सगळीकडे सॉफ्टवेअर आहे. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या अपायाची नोंद घेणारा ‘मटेरिओव्हिजिलन्स’ कार्यक्रम भारतात २०१५ पासून आहे. ‘मशीन असंच करतं’ म्हणून बंद-चालू करण्याची सवय सोडून रुग्णालयांनी प्रत्येक बिघाड कळवलाच पाहिजे. रुग्णाची तक्रार हीही यंत्राची तपासणीच असते.