शिकवलेले की सोसलेले?

मागच्या पालकसभेनंतर चौथीतल्या एका मुलाची अम्मी मागे थांबली. नवरा-बायको वेगळे राहतात. मुलाच्या ताब्याचा दावा कौटुंबिक न्यायालयात चालू आहे. "मुलगा बापाला घाबरतो, एवढे शाळेच्या कागदावर लिहून द्या," असे तिचे म्हणणे. चार दिवसांनी अब्बा आले. घरी मुलाला पढवून ठेवले जाते, असे आम्ही लिहावे ही त्यांची मागणी. दोन्ही वेळा मुलगा दाराबाहेर दप्तर घेऊन उभा होता आणि सगळे ऐकत होता.

आम्ही दोघांनाही नकार दिला. मुख्याध्यापकांच्या परवानगीने दोघांना एकच पत्र दिले. त्यात हजेरी किती, आणि बापाच्या भेटीनंतरच्या दिवशी मुलगा वर्गात कसा दिसला, एवढेच तारखांसह लिहिले. दोघेही नाराज झाले.

अब्बांच्या वकिलांनी वापरलेला शब्द होता 'पेरेंटल एलियनेशन'. एका पालकाने कान भरून मुलाला दुसऱ्या पालकापासून तोडणे, असा त्याचा अर्थ. रिचर्ड गार्डनर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने 1985 मध्ये याला 'सिंड्रोम' असे नाव दिले. पुढे जगभरच्या न्यायालयांत ते वापरले जाऊ लागले आणि वादही पेटला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 च्या आपल्या अधिकृत विकारसूचीत या नावाला जागा दिली नाही. 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक रीम अलसालेम यांनी तर न्यायालयांत त्याचा वापर बंद करा, असेच सुचवले. कारण उघड आहे. आई मारहाणीची तक्रार घेऊन गेली, की "ही मुलाला शिकवते" असे म्हणून तिचीच तक्रार तिच्यावर उलटवता येते.

पण कान भरणारे पालक नसतातच, असेही कोणी म्हणू नये. आम्ही वर्गात अशी मुले पाहतो. सात वर्षांचे पोर "त्यांनी खर्ची बुडवली" असे म्हणते, तेव्हा ते शब्द त्याचे नसतात.

आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोरही दोन्ही बाजू आल्या आहेत. 2017 च्या एका निकालात मुलगी बापाकडे वाढलेली होती आणि तिथेच राहायचे म्हणत होती. आईविषयी तिचे मन फिरवले गेले असण्याची शक्यता लक्षात घेऊन न्यायालयाने ताबा आईकडे दिला. 2024 मध्ये दुसऱ्या दाव्यात आईने हाच आरोप बापावर केला. तेव्हा न्यायालयाने बजावले, की नेमके कोणते वर्तन, कोणता प्रसंग हे दाखवल्याशिवाय कोणत्याही पालकावर घाईने हा शिक्का मारू नये. मुले बापाकडेच राहिली.

आम्हाला हे म्हणणे पटते. आधी प्रसंग पाहावा, नाव नंतर.

आपल्याकडे हिजानतीचा मसला निघाला, की चर्चा वयाच्या आकड्यावरच थांबते. हनफी मसलकात मुलगा 7 वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे. कोकणातल्या शाफई घरांत मूल समजते झाले, की त्यालाच विचारण्याची रीत आहे. 1890 चा पालक व पाल्य कायदाही मुलाचे हित पाहतो आणि समजत्या मुलाची इच्छा विचारात घेऊ देतो. म्हणजे शेवटी मुलाच्या बोलण्यावर येऊन ठेपतेच. ते बोलणे शिकवलेले आहे की सोसलेले, हे ओळखायला वेळ लागतो, आणि तो वेळ न्यायाधीशांच्या आधी घरच्यांनी द्यायचा असतो.

म्हणून काही साध्या गोष्टी. मूल भेटीहून आले, की त्याची उलटतपासणी घेऊ नका. पोटगीचा आणि तलाकचा निरोप त्याच्या तोंडी देऊ नका. मूल "मला जायचे नाही" म्हणाले, तर रागावू नका, खूशही होऊ नका. का, ते शांतपणे विचारा आणि उत्तर त्याच्याच शब्दांत तारीख घालून लिहून ठेवा. अंगावर वळ असेल, भीती खरी असेल, तर "बाप आहे, चालायचेच" असे म्हणून झाकू नका. डॉक्टर, वकील आणि न्यायालयाचे समुपदेशक यांना सांगा. 1098 या चाइल्डलाइनवर फोन करा. समझोत्याला बसणाऱ्या जमातीच्या बुजुर्गांनीही मुलाला बैठकीत उभे करून "अम्मी की अब्बा?" असे विचारू नये.

सूरह बकराच्या 233 व्या आयतीचा रोख हाच आहे: मुलावरून आईलाही त्रास नको, बापालाही नको. मग त्या दोघांवरून मुलाला त्रास देण्याची मुभा आपल्याला कुणी दिली?

पुढच्या पालकसभेला आम्ही त्या दोघांना वेगवेगळ्या वेळा दिल्या आहेत. त्या वेळी मुलगा दाराशी नसेल. त्याला मैदानावर पाठवायचे ठरले आहे.