कठाणी गाय : आधी लोड बघा!

घरी गाय घ्यायची ठरली की आपलं उत्तर तयार असतं : जर्सी घ्या! लिटर जास्त, विषय संपला.

पण मशीन घेताना आपण आधी लोड बघतो ना? मग चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या दोन-तीन एकरवाल्याचा लोड बघा. पावसाळ्यात धानाच्या बांधीत चिखल, उन्हाळ्यात ४५ अंशांचं ऊन आणि चाऱ्याला तणस नि जंगलातलं गवत. संकरित गाईला हिरवा चारा, ढेप, सावली, डॉक्टर सगळंच लागतं. आणि चिखलणीला बैल वेगळे आणावे लागतात ते लागतातच!

आपली कठाणी मात्र दूध आणि ओढकाम दोन्हींची, चिखलात चालणारी. काल-परवापर्यंत तिला 'गावठी' म्हणून हिणवलं जायचं. जानेवारी २०२३ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून तिची नोंद जाहीर केली.

दूध कमी, हे मान्य. डेअरीची गाडी दारात येत असेल, पाणी-चारा मुबलक असेल, तर संकरित गाय खुशाल घ्या. पण आतल्या गावांत हा हिशोब जुळत नाही.

आणि नुसत्या नोंदणीने जात टिकत नाही. गावच्या कळपात जातिवंत वळू नसला की पुढच्या पिढ्या मिसळत जातात. ट्रॅक्टर आला की बैलजोडी विकली जाते. म्हणून माझं मत साफ आहे : गाय कठाणीच घ्या आणि चार घरांनी मिळून एक चांगला वळू सांभाळा. कागदावरची कठाणी बांधीत उतरत नाही!