पाऊस आलाच नसता तर?

चंदगडच्या डोंगरउतारावर पिकणारी नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेतली. पण आज तिच्या भाकरीला परकी कोण म्हणेल? आफ्रिकेतल्या काही कथाही अशाच आहेत. वाचताना त्या आपल्याच घरातल्या वाटतात.

केनियाच्या ग्रेस ओगोट यांच्या ‘लँड विदाउट थंडर’ (१९६८) या संग्रहात ‘द रेन केम’ ही कथा आहे. दुष्काळ पडला आहे. सरदाराची एकमेव मुलगी ओगांडा सरोवरातल्या राक्षसाला अर्पण केली तरच पाऊस पडेल, असा कौल मिळतो. बाप आतून तुटतो, पण नकार देत नाही. गाव तिला नाचत-गात निरोप देतो. वाटेत प्रियकर तिला सोडवून पळवतो आणि तरीही पाऊस कोसळतो.

चंदगडला लागून असलेल्या कन्नड मुलखात ‘केरेगे हार’ हे लोकगीत प्रसिद्ध आहे. त्यात तळ्याला पाणी लागत नाही म्हणून धाकट्या सुनेचा, भागीरथीचा बळी देतात. तळे भरते. लढाईवरून परतलेला नवरा त्याच पाण्यात जीव देतो. एका कथेत मुलगी निसटते, दुसरीत बुडते. पाणी मात्र दोन्हीकडे येते.

यावरून घरासाठी-गावासाठीचे कर्तव्य म्हणजे निव्वळ जुलूम, असा निकाल देणे सोपे आहे. पण तो चंदगडला लागू पडणार नाही. इथे पाऊस उदंड, टंचाई रोख पैशाची. गिरण्यांच्या काळात या डोंगराळ भागातली माणसे मुंबईत गावकीच्या खोलीत दाटीवाटीने राहिली आणि त्यांच्या मनीऑर्डरवर इकडे बहिणींची लग्ने झाली, भावांच्या शाळा झाल्या. पेन्शन नाही, विमा नाही, अशा घरांना कर्तव्याचाच आधार होता. १९८२च्या संपानंतर गिरण्या बसल्या, तेव्हा रिकाम्या हाताने परतलेल्यांना गावच्या घरानेच सामावून घेतले. ‘माझे मी बघतो’ असे सगळेच म्हणाले असते, तर ते कुठे गेले असते?

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मनीऑर्डर पाठवणाऱ्याची बायको गावात वर्षानुवर्षे एकटीने शेत, गुरे आणि सासू-सासरे सांभाळत राहिली, याचा हिशेब कोणी मांडला नाही. चंदगड तालुक्यातल्या कोवाडच्या रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) ही कादंबरी मराठी वाचकाने डोळे पुसत वाचली. राज्याच्या ओझ्याखाली माधवराव पेशवे आणि रमा यांचा संसार कसा होरपळतो, हे त्यात आहे. आपण त्या त्यागाला नमस्कार केला. तो टळला असता का, हे मात्र क्वचितच विचारले.

नायजेरियाच्या चिनुआ अचेबे यांनी ‘मॅरेज इज अ प्रायव्हेट अफेअर’ या कथेत बापाचेही ऐकून घेतले आहे. मुलाने दुसऱ्या जमातीत लग्न केले म्हणून तो वर्षानुवर्षे अबोला धरतो. नातवंडांना आजोबांना भेटायचे आहे असे पत्र येते, तेव्हा त्याचा हट्ट डळमळतो. मुलाने स्वतःचे सुख निवडले म्हणून घर मोडले, असे इथे म्हणता येत नाही. ते मोडले अबोल्याने.

ओगांडाच्या कथेत पाऊस आला, म्हणून तिला दोष देण्याची वेळ वाचकावर येत नाही. पाऊस आलाच नसता तर? रोजच्या आयुष्यात तो पुष्कळदा येत नाही. मुलगी मनासारख्या शिक्षणासाठी पुण्याला जाते आणि इकडे काजूची बाग राखायला कोणी उरत नाही. नुकसान खरेच होते.

म्हणून कर्तव्य मोठे की सुख, या वादापेक्षा कौल कोणाच्या नावाने निघाला, हे पाहणे आम्हाला महत्त्वाचे वाटते. सरदाराला मुलगे पुष्कळ होते, कौल मुलीचा निघाला. तळ्यासाठी घरातली धाकटी सून निवडली गेली. ज्याचा आवाज सर्वांत बारीक, त्याच्याच वाट्याला कर्तव्य येत असेल, तर तो कौल पुन्हा लावायला हवा. आणि घरातले सगळे मिळून ओझे उचलणार असतील, तर आपला वाटा टाकून पळणाऱ्यालाही जाब विचारायला हवा.