तौबा केलेल्याला बसायला जागा द्या

दारू हराम आहे हे आपल्या मोहल्ल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दारू सोडलेल्या माणसाचे काय करायचे, हे मात्र बुजुर्गांनाही ठाऊक नाही.

माणूस व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येतो. अंगावर मूठभर मांस चढलेले, पण नजर खाली. मस्जिदीत सफेत उभा राहतो, सलाम फेरतो. बाहेर पडल्यावर त्याच्याशी दोन शब्द कोण बोलतो? दुकानदार उधारी देत नाही, नातेवाईक टाळतात, पोरे मागून ‘बेवडा’ म्हणतात. उरतो जुना नाका. तिथले यार तरी त्याला नावाने हाक मारतात. मग तो पुन्हा घसरला की आपण म्हणायला मोकळे, कुत्र्याचे शेपूट वाकडेच!

माझा सवाल सरळ आहे. मोहल्ल्यातल्या वाचनालयाने आठवड्यातली एक संध्याकाळ अशा लोकांच्या वाचनमंडळाला का देऊ नये? एक सतरंजी, आठ-दहा माणसे, मोठ्याने वाचलेली एक कथा, मग चहा आणि चर्चा. खर्च तो काय?

कुणी विचारील, किस्से-कहाण्या वाचून दारू सुटते काय? नाही सुटत. त्यासाठी डॉक्टर आहेत, १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगणसारखी केंद्रे आहेत, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा आहेत. त्यांना पर्याय नाही. पण तिथे तो व्यसनी म्हणून बसतो. इथे तो वाचक म्हणून बसेल. प्रेमचंदांची ‘कफन’ घ्या. सुनेच्या कफनाचे पैसे बाप-लेक दारूत उडवतात. त्या घिसू-माधवला शिव्या देता देता एखाद्याला आपल्या बायकोचे विकलेले डोरले आठवेल. कुणी न मागता कबुली येईल. घरात ज्याच्या शब्दाला वर्षानुवर्षे किंमत नव्हती, त्याचे मत दहाजण ऐकून घेतील. पुढल्या जुमेरातला कुणीतरी आपली वाट पाहणार आहे, हा आधार लहान नव्हे.

मस्जिद आहे की, असेही म्हणतील. आहेच. तिथे बंदा अल्लाहशी बोलतो. माणसांशी त्याने कुठे बोलायचे?

सआदत हसन मंटोचे नाव आपण व्यासपीठावरून अभिमानाने घेतो. त्याच मंटोवर दारू सुटावी म्हणून लाहोरच्या मनोरुग्णालयात उपचार झाले होते. १९५५ साली, अवघ्या ४२व्या वर्षी, दारूपायीच तो गेला. आज तो आपल्या गल्लीत आला तर आपण त्याला भाड्याने खोली देऊ का?

कुरआनात दारूची मनाईही एका दिवसात आली नाही. आधी फायद्यापेक्षा गुनाह मोठा असल्याचे सांगितले, मग नशेत नमाजला उभे राहण्यास मनाई झाली, शेवटी पूर्ण बंदी आली. अल्लाहने माणसाला उसंत दिली. आपण मात्र एका रात्रीत फरिश्ता मागतो!

तौबेचा दरवाजा त्याने उघडा ठेवला आहे. वाचनालयाची किल्ली आपल्या खिशात आहे. ‘इक्रा’ने सुरू झालेल्या दीनच्या लोकांनी ती आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढावी.