चारी चाकें ओढणारी जुनी गाडी

भाताची मळणी आटोपून हातीं चार पैसे आले कीं आमच्या मुळशी तालुक्यांत खरेदी-विक्रीच्या गोष्टींस ऊत येतो. पूर्वीं या दिवसांत ओट्यावर बैलजोडीचें बोलणें होत असे. हल्लीं मोटारीचें होतें. त्यांतहि हिंजवडीच्या बाजूस एक विशेष हौस दिसूं लागली आहे, ती म्हणजे चारी चाकांस जोर असलेली जुनी गाडी विकत घेण्याची. आमच्या कित्येक सभासद बंधूंनीं याविषयीं विचारणा केल्यावरून आमचें मत येथें मांडीत आहों. तें थोडक्यांत असें कीं, अशी गाडी शेतकऱ्यास खरोखर उपयोगी पडते. परंतु तिची किंमत खरेदीच्या दिवशीं फिटत नाहीं, ती पुढें वर्षानुवर्षें राखणींत फेडावी लागते. ज्यास ही राखण जमणार नाहीं, त्यानें ती फुकट मिळाली तरी घेऊं नये.

प्रथम ही हौस उत्पन्न कां झाली तें पाहूं. हिंजवडी, माण, मारुंजी या गांवांची पुष्कळ जमीन गेल्या पंचवीस वर्षांत राजीव गांधी इन्फोटेक पार्काकडे व त्याभोंवतीं उठलेल्या इमारतींकडे गेली. जमिनीचा पैसा आला, त्यांतून घरें झालीं, लग्नें झालीं. ज्यांच्या मनांतून शेती गेली नाहीं अशा कित्येकांनीं पश्चिमेस डोंगराकडे पुन्हा थोडें रान घेतलें. त्यामुळें आज घर डांबरावर आणि शेत डोंगरांत, अशी अनेकांची स्थिति आहे. मोठ्या रस्त्यावर कोणतीहि गाडी चालते. अडचण असते ती शेवटच्या मैल-दोन मैलांची. तेथें मुरमाची चढण, पूल नसलेला ओढा आणि आषाढ-श्रावणांत पोटरीपर्यंत चिखल. आंबेमोहोराची व इंद्रायणीची आवणी नेमकी त्याच दिवसांत असते, म्हणजे शेतावर जाण्याची गरज सर्वांत मोठी आणि वाट सर्वांत वाईट. अशा ठिकाणीं चारी चाकांची गाडी मागणें याला केवळ चैन म्हणतां येणार नाहीं.

परंतु हा पैसा कोठून आला आहे याचाहि विसर पडूं नये. तो वडिलोपार्जित जमिनीचा मोबदला आहे. ती जमीन दुसऱ्यांदा विकतां येणार नाहीं. एका फसलेल्या गाडीवर त्यांतील मोठा भाग गेला, तर तो एका हंगामांत भरून निघत नाहीं.

ही गाडी मूळची लष्करांतली. अमेरिकेच्या विलीस कंपनीची जीप 1941 पासून दुसऱ्या महायुद्धांत धांवली. त्याच घराण्याच्या जीपा महिंद्र कंपनीनें 1947 पासून आपल्या देशांत जुळविण्यास आरंभ केला. पुढें 1985 मध्यें मारुति कंपनीची जिप्सी आली व 2019 च्या सुमारास ती विक्रींतून गेली. 2010 मध्यें थार आली. 2020 पासून ती नव्या रूपांत मिळूं लागली. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गुरखाहि याच पंगतींतली. जुन्या बाजारांत फिरणाऱ्या गाड्या बहुतेक यांपैकींच असतात. त्यांची बांधणी सरळ असल्यानें साधा मिस्त्रीहि त्यांचें बरेंच काम करूं शकतो, हा त्यांचा मोठा गुण होय. मात्र जीपेचा आकार दिसला म्हणजे चारी चाकांस जोर असतोच असें नाहीं. जुन्या जीपा, जुनी थार व नवी थार या सर्वांत नुसतीं मागचीं चाकें ओढणाऱ्या गाड्याहि विकल्या गेल्या आहेत.

आतां तिच्या रचनेचें मर्म समजून घेऊं; कारण बहुतेक नुकसान तें न समजल्यामुळें होतें. जुन्या पद्धतीच्या गाडींत गियरबॉक्सच्या मागें ट्रान्स्फर केस नांवाची दुसरी पेटी असते. तिचा दांडा ओढला कीं पुढच्या व मागच्या चाकांकडे जाणारे शाफ्ट एकमेकांस जखडले जातात. कांहीं गाड्यांत पुढच्या चाकांच्या तोंडावरील हब हातानें फिरवून लॉक करावे लागतात. तें राहून गेलें तर दांडा ओढूनहि उपयोग होत नाहीं. वळण घेतांना पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां मोठ्या वर्तुळावरून जातात, म्हणून त्यांस अधिक फेरे घ्यावे लागतात. चिखलांत चाक थोडें घसरून हा फरक आपोआप निघून जातो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाहीं. मग तो सारा ताण शाफ्टांवर, क्रॉसवर आणि पेटींतील दांत्यांवर पडतो. स्टिअरिंग जड होतें, टायर झिजतात आणि एके दिवशीं पेटी मोडते. सबब दांडा चिखलांत शिरण्यापूर्वीं ओढावा आणि डांबर लागतांच सोडावा. हा एक नियम पाळणाऱ्याची गाडी न पाळणाऱ्याच्या गाडीपेक्षां कितीतरी अधिक वर्षें टिकते.

दुसरी जात अलीकडची, जिच्यांत गाडी स्वतःच गरजेप्रमाणें चारी चाकांस जोर वांटते. 2014 मध्यें आपल्याकडे आलेली डस्टर गाडीची तशी आवृत्ति पुष्कळांच्या पाहण्यांत असेल. ही गाडी घाटांत व ओल्या रस्त्यावर सुखाची. परंतु तिची जमिनीपासूनची उंची आणि सोशीकपणा जीपेइतका नसतो व तिचें काम विजेच्या यंत्रणेवर चालतें. तिचे चारी टायर एकाच मापाचे व सारख्या झिजेचे असावे लागतात. दोन नवे आणि दोन गुळगुळीत टायर घातले, तर आंतील कपलिंग विनाकारण तापत राहतें. गांवांत तिचा जाणता मिस्त्री नसेल, तर शेतीच्या वाटेसाठीं ती घेऊं नये असें आम्हांस वाटतें.

एका गोष्टीविषयीं मोठा गैरसमज आहे. चारी चाकांना मिळतो तो जोर पुढें जाण्याचा, थांबण्याचा नव्हे. ब्रेक तर सर्वच मोटारींच्या चारी चाकांस असतात. ताम्हिणीच्या घाटांत पावसांत उतरतांना ही गाडी इतरांहून लवकर थांबेल असें समजणें प्राणावर बेतेल. उलट जुन्या जीपेचे ब्रेक आजच्या मोटारींच्या मानानें कमजोर असतात आणि अपघातांत जीव वांचविणारीं नवीं साधनें तिच्यांत नसतात. सबब तिचा वेग बेताचाच हवा.

आमच्या शिवारांतील एका गृहस्थांनीं तीन वर्षांमागें जुनी जीप घेतली. रंग नवा, टायर मोठे, भाव बाजाराहून कमी. आषाढांत रोपांच्या मुड्या व आवणीच्या बाया घेऊन ते निघाले आणि ओढ्यांत गाडी बसली. दांडा ओढला, हब लॉक केले, तरी पुढचीं चाकें हलेनात. शेवटीं ट्रॅक्टरनें ओढून काढल्यावर खालीं वांकून पाहिलें, तों पुढचा प्रोपेलर शाफ्टच नव्हता! पूर्वींच्या मालकानें तो केव्हांच काढून टाकला होता आणि दांडा नुसता रिकामा हलत होता. नाना पेठेंत हिंडून जुना शाफ्ट मिळविला, परंतु तोपर्यंत आवणीचा आठवडा गेला. ते गृहस्थ बैल घेतांना तासभर पारखणारे. मोटार घेतांना त्यांनीं बॉनेटसुद्धां उघडलें नव्हतें.

म्हणून आमचें सांगणें असें कीं, गाडी बैलासारखी पारखावी. बैल घेतांना आपण झुलीकडे पाहत नाहीं. दांत मोजतों, खूर पाहतों, चालवितों, औताला जुंपतों. तसेंच येथें करावें. गाडी चढावर किंवा खड्ड्यावर उभी करून खालून पाहावी. चॅसीवर पत्र्याचे तुकडे जोडून वर ताजा काळा रंग दिलेला दिसला तर तेथूनच परतावें, कारण इंजिन बदलतां येतें, कुजलेली चॅसी सुधारणें कठीण. पुढच्या व मागच्या डिफरन्शियलचें तेल थोडें काढून बोटावर घ्यावें. तें दुधाळ असेल तर आंत पाणी शिरलें आहे. त्यांत लोखंडाची कणी चमकली तर दांते झिजले आहेत. शाफ्ट हातानें हलवून क्रॉस ढिले आहेत काय तें पाहावें. मग गाडी नांगरटींत किंवा ओल्या रानांत नेऊन दांडा ओढावा व बाहेर उभ्या असलेल्या माणसानें पुढचीं चाकें माती उडवितात कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहावें. विकणारा या परीक्षेस तयार नसेल, तर त्याचें उत्तर मिळालें असें समजावें. आपला मिस्त्री बरोबर नेण्यास जी मजुरी पडेल, तेवढी स्वस्त दुसरी कोणतीहि दुरुस्ती नाहीं.

गाडीइतकेच कागद पारखावे. खाजगी मोटारीची नोंदणी प्रथम 15 वर्षांची असते. नंतर तपासणी होऊन ती पांच-पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. मोटारीच्या या नूतनीकरणाची फी एप्रिल 2022 पासून 600 रुपयांची 5,000 रुपये झाली, आणि 20 वर्षांवरील मोटारीसाठीं ऑगस्ट 2025 पासून 10,000 रुपये. शिवाय पर्यावरण कर वेगळा. हा खर्च भावांत धरलाच पाहिजे. दिल्लींत 10 वर्षांवरील डिझेल व 15 वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर 2015 मध्यें हरित न्यायाधिकरणाचा व 2018 मध्यें सर्वोच्च न्यायालयाचा निर्बंध आल्यावर तिकडील पुष्कळ गाड्या कमी भावांत इतर प्रांतांत गेल्या. अशी गाडी वाईटच असते असें नव्हे. परंतु तेथील ना-हरकत दाखला हातीं आल्याशिवाय व येथें भरावयाचा कर मोजल्याशिवाय तिचा भाव स्वस्त कीं महाग हें ठरत नाहीं. चॅसीवरील व इंजिनावरील आंकडे नोंदणीपुस्तकाशीं ताडून पाहावे. जुन्या सांगाड्यावर दुसऱ्या गाडीचें इंजिन बसविलेली जीप तर घेऊंच नये; मूळ रचनेंत बदल करण्यास कायद्याची मनाई असून सर्वोच्च न्यायालयानें 2019 मध्यें ती पुन्हा स्पष्ट केली आहे. विकणाऱ्यानें विक्रीची खबर त्याच प्रांतांत 14 दिवसांत व घेणाऱ्यानें 30 दिवसांत द्यावयाची असते. नांव बदलल्याशिवाय गाडी दारांत आणूं नये, मग विकणारा सोयरा कां असेना.

आतां राखणीविषयीं. गाडी ओढ्यांतून जाते तेव्हां तापलेला ॲक्सल एकदम थंड पाण्यांत बुडतो. आंतील हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलें जातें. तें न व्हावें म्हणून ॲक्सलवर श्वासाची लहान नळी असते; ती चिखलानें बुजलेली नसावी. खोल पाण्यांतून गेल्यावर त्याच आठवड्यांत तेल पाहावें व दुधाळ दिसल्यास बदलावें. तेलाचे कांहीं लिटर आणि क्राऊन-पिनियनचा जोड यांच्या किमतींत किती अंतर आहे, हें दुकानांत विचारून यावें. ग्रीसचीं तोंडें दर धुण्यानंतर भरावीं. पावसाळा संपतांच खालचा सारा चिखल धुवून काढावा, कारण चॅसीच्या कोपऱ्यांत राहिलेली ओली माती उन्हाळ्यापर्यंत पत्रा खात बसते. महिन्यांतून एकदां तरी मऊ रानांत दांडा ओढून गाडी थोडी चालवावी. न वापरलेला सांधा बैलाचा असो वा यंत्राचा, आंखडतोच. शेवटीं, गाडीच्या किमतींतील दर शंभर रुपयांमागें तीस रुपये पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठीं बाजूस ठेवावे, असा आमचा हिशेब आहे. शंभरांची ऐपत असेल तर सत्तरांची गाडी पाहावी.

कोणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशास? नवी गाडी घ्यावी, किंवा ट्रॅक्टर आहेच. हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. ज्याचें शेत घराला लागून आहे त्यास ट्रॅक्टर पुरतो. आणि ज्याची वर्षांतून पांच-सात दिवसच अडचण होते त्यानें ते दिवस शेजाऱ्याच्या मदतीनें काढावे. तेव्हां प्रत्येकानें खरेदीपूर्वीं एक साधी गोष्ट करावी. एका पावसाळ्यांत, वाट अडल्यामुळें शेतावर जातां आलें नाहीं असे दिवस भिंतीवर रेघा ओढून मोजावे. रेघा वीस-पंचवीस झाल्या तर गाडी पाहण्यास निघावें. तीन-चार झाल्या तर ती गरज नसून हौस आहे, आणि हौसेला मोल नसतें म्हणूनच तिच्यावर जमिनीचा पैसा घालूं नये. ज्यांस खरीच गरज आहे, त्यांनीं भाऊबंदांत मिळून एकच गाडी राखली तरी चालेल; मात्र तेल पाहण्याचें काम एकाच्याच अंगावर असावें, कारण सर्वांच्या बैलाला वैरण कोणीच घालीत नाहीं.